योगेंद्र सरांचे कान

गेल्या हिवाळ्यात जळगावच्या पिंप्राळ्यात एक बातमी फिरली. योगेंद्र सर रोज दुपारी मेहरूण तलावावर जातात, बाकड्यावर बसतात, समोरच्या झाडाला मोबाईल टेकवतात आणि त्यातल्या बाईशी बोलतात. एवढ्यावर भागलं असतं तर पिंप्राळ्यानं ती कधीच विसरून टाकली असती. मोबाईलमधल्या बाईशी हल्ली कोण बोलत नाही? पण पुढचा भाग असा, की एके दिवशी सर त्या बाईसमोर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही कान धरले. पंचेचाळिशी उलटलेला माणूस, एम.एस्सी. झालेला, पायात पॉलिश केलेले बूट, आणि भर दुपारी तलावाच्या काठी कान धरून उभा.

बातमी आणली सुनंदाबाईंनी. त्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. मेहरूणला त्यांची बहीण असते आणि तिच्याकडून येताना त्या बोरं आणि बातम्या एकाच पिशवीत आणतात. माझ्या ओट्यावर टेकल्या, मूठभर बोरं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "नाना, मन्हा डोयाघाई देखं. दोन्ही कान धरीसन उभा व्हता. मोबाईलमा बाई शे."

"तरुण शे का?" मी विचारलं. बातमी घ्यावी तर पूर्ण घ्यावी.

"तरुण शे. गोरी शे. चष्मा शे."

"मग डॉक्टरीण असेल. कान तपासत असेल."

"तुमले बठ्ठी चेष्टाच सुचस," असं म्हणून त्या उठल्या आणि पुढच्या ओट्याकडे गेल्या. दुपारी 'एक बाई' होती, ती दिवेलागणीपर्यंत 'ती बाई' झाली. कोणी म्हणे, सरांचं कॉलेजातलं जुनं प्रकरण आहे. कोणी म्हणे, प्रकरण नवंच आहे, फक्त सर जुने आहेत. दूध घालणाऱ्यानं तर मलाच विचारलं, "नाना, दिपमालाताई माहेरी जाणार म्हणे?" दिपमाला म्हणजे सरांची बायको, माझी शेजारीण. तिचं माहेर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. ती रोजच माहेरी जाते.

मी योगेंद्रला ओळखतो ते तो सर होण्याच्या कितीतरी आधीपासून. धुळ्याच्या एका कॉलेजात मी कारकून होतो आणि तो बी.एस्सी.ला होता. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून एस.टी.नं यायचा. वडील अभिमन पाटील, कापूस-बाजरीवाले, मितभाषी. आई ताईबाई, त्यांच्या वाटचंही तीच बोलायची. एकदा फी भरायला आली तेव्हा खिडकीतून मला म्हणाली, "भाऊ, पोरगं दिनभर आकडा लिखस. तेन्हं डोकं बरं शे ना?" मी म्हटलं, अक्का, आमच्या कॉलेजात डोकं बरं असलेला हा एकच आहे.

त्या काळात कॉलेजात नवे संगणक आले होते. चार-पाच असतील. पण त्यांची खोली म्हणजे देव्हारा. चपला बाहेर काढायच्या. खिडक्यांना जाड पडदे, गावात क्वचित दिसणारा एसी, आणि प्रत्येक यंत्राला शिंप्याकडून शिवून घेतलेलं कापडी टोपडं. किल्ली माझ्याकडे. प्राचार्यसुद्धा आत शिरताना मोज्याचं भोक अंगठ्याखाली दुमडून घ्यायचे, हे मी पाहिलेलं आहे. उन्हाळ्यात धुळं तापायला लागलं की संगणकशास्त्राची आवड नसलेल्या मास्तरांनाही तिथे काहीतरी काम निघायचं.

मुलांना यंत्राला हात लावायला मिळायचा आठवड्यातून एकदा, तोही वाटून. म्हणून प्रोग्राम आधी वहीत लिहायचा. 'बेसिक' नावाची भाषा होती. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा घालायचा, दहा, वीस, तीस. मध्ये काही राहिलं तर पंधरा घालून ती ओळ घुसवायची, म्हणून दहाचे टप्पे. मास्तरांनी वही तपासून सही केली की मग यंत्रापाशी. योगेंद्रचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा प्रोग्राम कागदावरच इतका चोख असे, की यंत्रावर चालवणं म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका जुळवण्यासारखं. बाकीची पोरं एसी खाऊन निघून जायची, हा बसून राहायचा.

"योगेंद्र, तुला आत ठेवून कुलूप लावू का?"

"नाना, एकच ओळ राहिली."

दारात चपलांचा एकच जोड उरलेला असे. टाच झिजलेला. मी किल्ली खुळखुळवत उभा, आणि आत तो आपल्या एका ओळीपाशी. कधी कधी वाटतं, धुळ्यातली माझी नोकरी म्हणजे तेवढंच काय ते होतं. बाकी सगळे अर्ज आणि पावत्या.

पुढे तो संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि जळगावला एका कॉलेजात शिकवायला लागला. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच तुमचे. सुट्टी लागली की तुम्ही कॉलेजचे कोणी नाही. कायमची जागा दरवर्षी पुढच्या वर्षी निघणार होती. मी निवृत्त होऊन पिंप्राळ्यात मुलाकडे आलो, तर शेजारी हाच. पोरांना त्याचा धाक भारी. एखादा फळ्यासमोर अडखळला की म्हणायचा, "उत्तर चुकलं तरी चालेल, पण तोंड लपवू नकोस. चूक दिसू दे, म्हणजे तिला धरता येते." पोरं थरथरत चूक दाखवायची आणि पुढे आयुष्यभर त्याचं नाव काढायची.

मागच्या वर्षी संख्याशास्त्र घेणारी मुलंच रोडावली. तास निम्मे झाले, आणि येत्या जूनपासून तेही राहणार नाहीत असं त्याच्या कानावर आलं. मेहुण्याचं पाइपचं दुकान आहे. मेहुणा भला माणूस. म्हणाला, दाजी, काउंटरला बसा, एसी आहे. दिपमालालाही ते पटलं होतं. योगेंद्र माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "नाना, पाइप वाईट नाही हो. पण मग आकडे सुटले ते सुटलेच."

तेवढ्यात जाहिरात आली. धुळ्यातल्या एका संशोधन केंद्रात प्रकल्प होता: वाढत्या उन्हाचा केळीबागांवर काय परिणाम होतो, त्याचा वर्षानुवर्षांचा हिशेब लावायचा. संख्याशास्त्राचा अनुभवी माणूस हवा. वयाची अट नाही. आणि तळाशी एक ओळ: पायथन भाषेत प्रोग्रामिंग येणे आवश्यक.

या तळाच्या ओळीला मी जन्मभर ओळखतो. माझ्या वेळी तिथे 'टायपिंग तीसची गती' असायचं आणि अख्खं धुळं संध्याकाळी टायपिंगच्या क्लासात खडखडत असायचं. निम्मी लग्नं तिथेच जमली. मग 'एमएस-सीआयटी' आलं आणि निवृत्तीला टेकलेले हेडमास्तर नातवाच्या वयाच्या पोरांकडे शिकायला बसले. आता ही.

"तुला येतं का हे?" मी विचारलं.

"प्रोग्रामिंग ते प्रोग्रामिंगच नाना. भाषा बदलली असेल. वाचून घेतो."

त्यानं पुस्तक आणून वाचलं आणि मुलाखतीला गेला. मुलाखतीच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप दिसला, आणि या गृहस्थानं सवयीनं बूट बाहेर काढले. आतल्या तिघांनी त्याच्या मोज्यांकडे पाहिलं. त्यातल्या तरुण बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, सर, या तापमानांची सरासरी काढून दाखवा. यानं कागद मागितला. कागदावर सुरेख अक्षरात प्रोग्राम लिहिला, ओळीओळीला आकडे घालून. त्या बाईंनी कागद हातात घेतला, जरा वेळ तो आवडल्यासारखा पाहिला आणि म्हणाल्या, "सर, असं आता कोणी लिहीत नाही. आम्हाला चालवून दाखवणारा माणूस हवाय."

त्या खेपेला कोणीच निवडलं गेलं नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जाहिरात काढू, असं त्यांनी कळवलं. योगेंद्रनं घरी येऊन दिपमालाला सांगितलं, जागाच रद्द झाली. मला खरं सांगितलं. मी बायको नव्हतो, एवढीच माझी लायकी.

आता मोबाईलमधली बाई.

आमच्याकडे हस्तीमलशेठची डाळमिल आहे. त्यांची नात प्रियल योगेंद्रची विद्यार्थिनी. बी.एस्सी. झाल्यावर घरात स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा योगेंद्र शेठच्या घरी गेला होता. शेठच्या बायकोनं, चंद्रकांताबाईंनी, पापड-मेथीची भाजी वाढली, आणि हा जेवता जेवता एवढंच म्हणाला, "शेठ, चांगली डाळ आपण पोत्यात ठेवून देतो का?" शेठ म्हणाले, "भाव येईपर्यंत ठेवतो, सर." चंद्रकांताबाई आतून म्हणाल्या, "तोवर किडे पडतात." पोरगी शिकायला गेली. आता हैदराबादला मोठ्या संशोधन संस्थेत आहे. गुरुपौर्णिमेला सरांना फोन ठरलेला. त्या वर्षी दिवाळीलाही तिचा फोन आला, तेव्हा सरांच्या तोंडून अडचण निघाली आणि ती म्हणाली, सर, मी शिकवते. रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत.

घरी बसून शिकणं शक्य नव्हतं. रद्द झालेल्या जागेसाठी कोण शिकतं? कॉलेजच्या स्टाफरूमला भिंतींपेक्षा कान जास्त. म्हणून मेहरूणचा तलाव.

पद्धत त्याची तीच, धुळ्याची. आदल्या दिवशी वहीत प्रोग्राम लिहायचा. तलावावर बसून तो प्रियलला वाचून दाखवायचा. ती तिकडे आपल्या संगणकावर टंकणार, चालवणार आणि सांगणार. पहिल्या दिवसापासून एकच उत्तर: "चाललं, सर." योगेंद्र खुलला. माझ्याकडे येऊन सांगायचा, नाना, काही अवघड नाही, आपल्या बेसिकचीच धाकटी बहीण आहे.

तसा महिना गेला असेल. मग एका दुपारी त्याला वाटलं, एकदा आपल्या हातानं चालवून बघू. मिलवर गेला. प्रियलचा भाऊ अनुज ऑफिसात होता. त्यानं खुर्ची दिली, प्रोग्राम चालवायचं पान उघडून दिलं. योगेंद्रनं वही शेजारी ठेवली आणि जसं होतं तसं टंकलं. पहिल्या ओळीआधी दहा, दुसरीआधी वीस. सगळ्या ओळी समासाला चिकटलेल्या. बटण दाबलं. लाल अक्षरं आली. दुसरा प्रोग्राम. पुन्हा लाल. महिन्याभराची वही उलटून झाली, एकही चालेना.

अनुज मागे उभा होता. तो म्हणाला, "सर, आमच्या कॉम्प्युटरलाच काहीतरी झालंय."

हस्तीमलशेठ गादीवरून म्हणाले, "डाळीची धूळ जाते त्याच्यात."

योगेंद्रला तिथेच सगळं उमगलं. या नव्या भाषेत ओळींना आकडे घालत नाहीत, आणि काही ओळी समासापासून मुद्दाम आत सरकवाव्या लागतात. आत कोणती, बाहेर कोणती, यावरच यंत्राला अर्थ कळतो. पुस्तकात हे होतं. यानं ते छपाईची ठेवण समजून सोडून दिलेलं. आणि प्रियल रोज गुपचूप आकडे गाळत होती, ओळी आत सरकवत होती आणि "चाललं, सर" म्हणत होती.

तलावावर जाऊन त्यानं फोन लावला.

"प्रियल, माझा एकतरी प्रोग्राम चालला होता का?"

ती म्हणाली, "तुमचा विचार बरोबर होता, सर."

"मी विचारलं काय, तू सांगतेस काय?"

"सर, तुम्हाला 'चुकलं' म्हणायला माझी जीभच वळत नाही."

"मग मुलाखतीला तूच जा. मी पाइप विकतो."

ती रडायला लागली. हाही तिकडे तोंड करून बसला, पाण्याकडे. आमच्याकडे हे असंच आहे. सरांनी फळ्यावर चुकीचं लिहिलं तर वर्ग ते तसंच उतरवून घेतो आणि घरी जाऊन दुरुस्त करतो. सर निवृत्त होतात, चूक होत नाही. शेवटी योगेंद्रच म्हणाला, "हे बघ, फळ्यापाशी मी तुम्हाला काय म्हणायचो? आता तुझा फळा आहे. उद्यापासून चूक तशीच चालव आणि यंत्र जे लाल लाल बोलेल ते मला जसंच्या तसं वाचून दाखव. गाळायचं नाही, गोड करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पोरगीनं डोळे मिटून, एका दमात, आयुष्यातलं पहिलं "सर, चुकलं" म्हटलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे उघडे ठेवून म्हटलं. पंधरवड्यात तिला त्याची गोडी लागली. "सर, काल हेच सांगितलं होतं." "सर, वही बंद. मोबाईलवर स्वतः टंका." "सर, बोरं नंतर." मारवाड्याची पोर, हिशेबाला कडक. योगेंद्र माझ्याकडे येऊन तक्रार करायचा आणि तक्रार करताना त्याचा चेहरा त्या एसीच्या खोलीतल्या पोरासारखा दिसायचा. मला म्हणाला, "नाना, पाच वेळा लाल आलं आज. मजा आली."

ते कान धरण्याचं प्रकरण याच दिवसांतलं. त्या संध्याकाळी तो घरी गेला आणि त्यानं दिपमालाला सगळं सांगून टाकलं: जागा रद्द झालेली नाही, मीच नापास झालो, आता शिकतोय. त्यांची आणि माझी भिंत एकच आहे, पण भिंतीनं मला काही ऐकू दिलं नाही. दिपमाला आवाज चढवते तेव्हा ऐकू येतं. त्या दिवशी तिनं चढवला नाही. मला तेव्हा जरा काळजीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई तिच्या दारात पोचल्या. मी माझ्या ओट्यावर पेपर उलटा धरून बसलो.

"दिपमाला, सांगू नही असं वाटस, पन तुन्ही काळजी वाटस," इथून सुरुवात करून त्या कानांपर्यंत आल्या.

दिपमाला गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, ती प्रियल. शेठची नात. यांना कॉम्प्युटर शिकवते. प्रोग्राम चुकला की कान धरायचे, असा नियमच आहे त्यांचा."

"इतला मोठा मानूसले?"

"मोठा आहे म्हणूनच तर चुकतो. लहान असता तर एव्हाना शिकला नसता का?"

सुनंदाबाईंची पिशवी एकदम हलकी झाली. तरी जाताना त्यांनी विचारलंच, "उठाबशा बी काढस का?"

"थंडी कमी झाली की काढतील," दिपमाला म्हणाली.

हीच हकिगत मग पिंप्राळ्यात रुजली. योगेंद्र सर प्रोग्राम चुकला म्हणून कान धरतात. पोरं त्याला रस्त्यात दिसली की हसून स्वतःच्या कानाला हात लावायची. त्यालाही ते आवडायचं. तलाव सुटला; तो घरात बसून शिकायला लागला आणि दिपमाला भाजी चिरता चिरता फोनमधल्या प्रियलला सांगायची, "तू बिनधास्त रागव गं. मी आहे."

दुसऱ्या मुलाखतीला मी त्याच्यासोबत धुळ्याला गेलो. काम काही नव्हतं, पण एस.टी.त खिडकीपाशी बसून एरंडोल, पारोळा बघत जायला मला आवडतं. वाटेत तो मोबाईलवर एकेक प्रोग्राम चालवून बघत होता. केंद्राच्या बाहेर पायरीवर मी बसलो. बूट घालून आत गेला, तेवढं मी नीट पाहिलं.

पुढचं त्यानंच सांगितलं. त्याच बाई होत्या. केळीबागांच्या नोंदी दिल्या आणि म्हणाल्या, चालवा. यानं टंकलं, चालवलं, आणि लाल आलं. अध्यक्ष म्हणाले, "असू द्या सर, वेळ झाली." हा म्हणाला, "जरा थांबा. हे काय म्हणतंय ते वाचू द्या." तीन माणसांसमोर त्यानं आपली चूक मोठ्यानं वाचली, बोटानं दाखवली, दुरुस्त केली. दुसऱ्यांदाही लाल आलं. तेही वाचलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं. बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मला म्हणाला, "चला, घोटाळा झाला. गेलं हे."

निवड झाली ती एका तरुण पोराची. योगेंद्र प्रतीक्षा यादीत पहिला. तो मेहुण्याच्या दुकानात दोन दिवस बसूनही आला. मग त्या पोराला बंगळुरूला दुसरं काही मिळालं आणि केंद्रातून योगेंद्रला फोन आला. वर्षावर्षाचा करार आहे, कायम काही नाही. ताईबाईंनी विचारलं, "आते तरी पक्की शे का?" तर हा म्हणाला, "माय, केळीसारखी शे. दरवर्षी नवं लावनं पडस."

आता तो सोमवारी पहाटेच्या गाडीनं धुळ्याला जातो, आठवडाभर आईजवळ राहतो, शनिवारी येतो. आमच्या जुन्या कॉलेजावरून त्याचा रस्ता आहे. ती एसीची खोली आता प्रवेश अर्जांची खिडकी झाली आहे. पोरं चिखलाच्या बुटांनी आत-बाहेर करतात. मागे मी गेलो तेव्हा आम्ही दोघं तिथे उभे राहिलो होतो. पडदे गेलेत, टोपडी गेलीत. दाराजवळची ती फरशी मात्र तीच होती. तो म्हणाला, "नाना, तुम्ही किल्ली वाजवायचात ना, त्याचा फार राग यायचा." मी म्हटलं, मला माहीत होतं, म्हणूनच वाजवायचो.

दिवाळीत प्रियल जळगावला आली होती. फराळाचा डबा घेऊन माझ्याकडेही आली. मी तिला चिडवलं, "काय गं, सरांना कान धरायला लावतेस?" ती हसली आणि मग खरं काय ते सांगून गेली. दिपमालाला विचारलं, तर तीही हो म्हणाली.

त्या दुपारी योगेंद्रचा प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला होता. चूक त्यात नव्हतीच. प्रियलनं आनंदानं म्हटलं, काकूंना सांगा, आणि तेव्हा तिला कळलं की सरांनी घरी जागा रद्द झाल्याचं सांगून ठेवलंय. तिनं त्याला बायकोशी खोटं बोलल्याबद्दल कान धरायला सांगितले, आणि त्यानं धरले.